वत्सलाबाईंचे स्पीकर

“आवो, ती शिट्टी बंद करा की,” केसरबाई दारातूनच ओरडल्या, “कान किटले माझे.” मोहनराव तेव्हा उजव्या स्पीकरसमोर गुडघे मोडून बसले होते, कान जाळीपासून वीतभर अंतरावर. समोरच्या घरातल्या केसरबाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन टँकर कधी येणार ते विचारायला आल्या होत्या आणि उंबऱ्यातच थांबून त्यांनी पदर कानावर दाबला होता. कसली शिट्टी, असं विचारायला मोहनरावांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्या लेखी खोलीत शांतता होती. ती शांतता का आहे, अँप्लिफायरचे काचेचे वाल्व्ह लालसर पेटलेले असताना, तारा नीट आवळलेल्या असताना स्पीकरमधून काहीच का येत नाही, याचाच तर ते सकाळपासून शोध घेत होते. स्वयंपाकघरातून सत्यभामाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांनीही चेहरा आंबट केला. “मला वाटलं तुमीच मुद्दाम लावलंय काही,” त्या म्हणाल्या आणि सरळ स्पीकरपाशी येऊन जाळीच्या वरच्या भागावर, जिथं बारीक आवाजाची छोटी वाटी असते तिथं, तळहात ठेवला. केसरबाईंचा चेहरा सैल झाला. तळहात काढला. केसरबाईंनी पुन्हा पदर दाबला. “ह्यातून येतंय बघा.” पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला. मोहनराव बायकोच्या हाताकडं आणि शेजारणीच्या चेहऱ्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला चेहरा, आणि मधे जे काही होतं ते त्यांना सोडून सगळ्यांना होतं. त्यांनी खटका बंद केला. केसरबाई म्हणाल्या, “हां, आता कसं!” आणि टँकरचं विचारायचं विसरूनच गेल्या. मोहनरावांना मात्र बंद होण्याआधीचं आणि नंतरचं यात काडीचा फरक कळला नाही. छोटी वाटी जिवंत होती. तीच, जी चोरीला गेली असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

स्पीकर वत्सलाबाईंचे. खरं म्हणजे त्यांचे यजमान दिगंबरराव यांचे. दिगंबरराव अंबाजोगाईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. तरुणपणी विलायतेला शिकायला गेले आणि येताना बोटीनं कमरेइतक्या उंचीचे हे दोन अक्रोडी खोके घेऊन आले. वत्सलाबाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांच्या दिवाणखान्यात मोहनराव कितीदा तरी बसले होते, साखर कारखान्याच्या जीपमधून येऊन, अंगाला मळीचा वास तसाच घेऊन. दिगंबरराव बाईंचंच गाणं टेपवर घ्यायचे आणि बाईंनाच ऐकवायचे, आणि बाई स्वतःच्या गाण्याकडं पाठ करून पोहे परतत असायच्या. टेपवर बाईंच्या मारवा रागाच्या आधी तानपुरा लागायचा. तापलेल्या पत्र्यावर पाणी शिंपडावं तशी त्याच्या तारांची बारीक चरचर, जिला जवारी म्हणतात ती, खोलीभर पसरायची आणि बाईंनी ‘सा’ लावण्याआधी घेतलेला श्वास त्या चरचरीतून वेगळा ऐकू यायचा. तो श्वास मोहनरावांना माहीत असलेल्या जगातली सगळ्यात खाजगी गोष्ट होती. दिगंबरराव वारले. बाई पुढं कितीतरी वर्षं एकट्या राहिल्या आणि यंदा, विहिरींनी तळ दाखवला, कारखान्याचं बॉयलर उसाअभावी पेटलंच नाही, तेव्हा लेकीनं हट्ट धरला आणि बाई औरंगाबादला जायला निघाल्या. जाण्याआधी त्यांनी मोहनरावांना बोलावून सांगितलं, “हे तुम्ही न्या. तुम्हालाच कळतात हे.” तुम्हालाच कळतात. मोहनरावांना ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं होतं. आणल्यावर मात्र जमेना. त्यांच्याकडचा चंदेरी तोंडाचा जपानी अँप्लिफायर आठ ओहमसाठी बनलेला, स्पीकर जुन्या चालीचे, सोळा ओहमचे. वाजायचं, पण जोडीला जोडी लागायची नाही. आवाज मिणमिणता यायचा. मग ते लातूरला जाऊन वाल्व्हचा जुना अँप्लिफायर घेऊन आले, तेवढ्याच वयाचा, पाठीमागं चार, आठ, सोळा अशा तीन खुंट्या असलेला. सोळाच्या खुंटीला तार आवळताना त्यांना बोटांच्या टोकांत सुख झालं होतं, आता दोघांचं लग्न लागलं असं. ऐन उन्हाळ्यात त्या वाल्व्हनी खोलीची भट्टी केली. सत्यभामाबाई म्हणायच्या, “ह्याच्यावर भाकरी टाकू का, ग्यास तरी वाचंल.” मोहनराव बनियन पिळत बसून बाईंनी स्पीकरांबरोबर दिलेली मारव्याची टेप लावायचे. खर्ज भरदार होता, कोठाराएवढा. पण तानपुरा नुसता घुमायचा, कोणी रांजणात तोंड घालून बोलावं तसा. चरचर नव्हती. श्वास नव्हता. बाई जणू एकदमच ‘सा’वर उभ्या राहत होत्या, न येताच आलेल्या. तारा बदलल्या, स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले, मागं ढकलले, खाली विटा दिल्या. आणि एका दुपारी मोहनरावांनी निकाल दिला : वरच्या वाट्या मूळच्या नाहीत. कोणीतरी त्या काढून विकल्यात आणि तिथं फालतू काहीतरी बसवलंय.

त्यांनी खोका उघडून पाहिला नाही. आता, खटका बंद केलेल्या त्या खोलीत बसून, हीच गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा टोचत राहिली. चार स्क्रू. जन्मभर स्क्रू फिरवणारा माणूस. पण उघडून बघण्याची गरज त्यांना वाटलीच नव्हती, कारण कानानं सांगितलं होतं आणि त्यांच्या कानावर त्यांच्यासकट सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास होता. साखर कारखान्यात मिल हाउसला ते इंजिनिअर होते, पहिल्या गळिताच्या हंगामापासून निवृत्तीपर्यंत. उसाचे रूळ फिरायचे, टर्बाइन ओरडायचं, माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची आणि मोहनराव लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावायचे. “ह्यो गेला,” म्हणायचे. उघडलं की खरंच गेलेला असायचा. चेअरमन सभासदांच्या सभेत म्हणाले होते, आमच्या मोहनरावांनी कान लावला की लोखंड बोलतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मोहनरावांनी किती वर्षं जपल्या होत्या! कानात कापूस घाला, असं नव्या पोरांना सांगणारी पाटी भिंतीवर होती. ते स्वतः कधी घालायचे नाहीत. कापूस घातलेल्या कानाला लोखंड काय सांगणार? आणि त्याच गर्जनेनं रोज थोडं थोडं, कोणाला न कळता, वरचं वरचं ऐकणं खरवडून नेलं होतं. आधी काय गेलं असेल? रातकिडे? पैंजण? जे गेलं ते जाताना आवाज न करता गेलं, म्हणून गेल्याचं कळलं नाही.

आणि मग तो दिवस. तो त्यांना आठवावा लागला नाही, तो समोरच होता. बाईंच्या अंगणात ट्रक लागलेला. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतः आज्या झालेल्या, निरोपाला जमलेल्या. सत्यभामाबाईही त्यांच्यात होत्या. कोणी ओटी भरत होतं, कोणी रडत होतं. मुंजाजी ट्रकमधे खाट चढवत होता. मुंजाजी नांदूरघाटाकडच्या एका वस्तीवरचा धनगर. मेंढरं मोडल्यावर तो तरुणपणीच अंबाजोगाईला आला आणि दिगंबररावांकडं कामाला लागला तो कायमचा. बाग, बाजार, दिगंबररावांचं शेवटचं दुखणं, सगळं त्यानं काढलं होतं. बाई गेल्यावर घर त्यानंच सांभाळायचं ठरलं होतं. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको मनकर्णा राहणार होते, गावाकडच्या गाई इथं आणणार होते, कारण बाईंच्या बोअरला अजून पाणी होतं. आणि त्या उन्हाळ्यात बोअरला पाणी असणं म्हणजे काय ते बीड जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. मोहनराव तिथं वाटेतच एक वाक्य जुळवून गेले होते. आता आठवलं की त्या वाक्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती, कारण ते त्यांना आवडलं होतं. बाईंनी सहज विचारलं, “जमली का हो जोडी?” आणि सगळ्या बायका वळून बघेपर्यंत थांबून मोहनराव म्हणाले, “बाई, तुमच्या स्पीकरांचं पोट शाबूत आहे, जीभ मात्र कोणीतरी कापून नेलीय.” मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या विलायती वाट्यांना शौकीन लोक कसे टपलेले असतात, त्या कशा गुपचूप बदलता येतात. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. बाई मध्यंतरी लेकीकडं बरेच महिने होत्या, आणि स्पीकरांसकट घर मुंजाजीकडं होतं. बाईंनी ट्रककडं बघितलं. “मुंजाजी,” त्या म्हणाल्या, “मी नसताना घराची किल्ली कोणाकडं होती?” मुंजाजीनं खाट खाली टेकवली. “माझ्याकडंच की बाई.” एवढंच. बाईंनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मुंजाजीनं राहिलेलं सामान चढवलं, ट्रकची फळी लावली, दोर बांधला, गाठ ओढून बघितली, आणि मग खिशातून किल्ली काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि फाटकातून गेला. कोणीतरी म्हणालं, “बघा, माणूस कसा असतो.” बाईंनी ती किल्ली उचलून मोहनरावांच्या हातात दिली. ती अजून त्यांच्या कपाटात होती. बाईंचं घर तेव्हापासून कुलूपबंद होतं. बोअर बंद, बाग जळालेली.

दुपारी ऊन कलल्यावर मोहनरावांनी खोका आडवा केला. मागची फळी काढली. छोट्या वाटीच्या चारही स्क्रूंच्या डोक्यांवर विलायतेतला जुना लाखेचा थर होता, चीरही न गेलेला. कोणीही, कधीही, त्यांना पेचकस लावला नव्हता. दुसऱ्या खोक्याचंही तेच. त्यांना क्षणभर, फक्त क्षणभर, वाट्या खरंच बदललेल्या निघाव्यात अशी इच्छा झाली आणि ती इच्छा स्वतःला सापडल्यावर ते जमिनीवर बसले. सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी उघडा खोका बघितला, नवऱ्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

“तुला माहीत होतं?” मोहनरावांनी विचारलं.

“काय?”

“मला ऐकू येत नाही ते.”

सत्यभामाबाई काही बोलल्या. त्यांचे ओठ हलले, आणि मोहनरावांना ऐकू आलं ते फक्त घुमणं. मग त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण बायकोचे ओठ बघूनच ऐकत होतो आणि आता तिनं मान खाली घातली होती. सत्यभामाबाईंनी मान वर केली आणि पुन्हा म्हणाल्या, “लई दिवस झाले. पाखरं ऐकू येत न्हाईत तुमाला. फोन आला तर मीच उचलते, बघितलं न्हाई का कधी? लेकरं लांबून हाका मारत्यात, तुमी वळत न्हाई. म्हनलं, कशाला सांगायचं. तुमचं सगळं त्या कानावरच.”

“आणि त्या दिवशी? बाईंच्या दारात?”

“त्या दिवशी बोलायला पायजे होतं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मला वाटलंच होतं. समद्या बाया होत्या. तुमचा पाणउतारा झाला असता.” मग चहाचा कप त्यांच्याकडं सरकवत, “त्याचा झाला,” म्हणाल्या.

यानंतरचे दिवस मोहनराव घरात वावरले ते एखाद्या पाहुण्यासारखे, ज्यानं कप फोडलाय आणि अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. कोणाच्याच लक्षात येण्यासारखं नव्हतं, हेच वाईट होतं. केसरबाईंना शिट्टी म्हणजे नुसती शिट्टी. बाई औरंगाबादला. मुंजाजी कुठं गेला कोणी विचारत नव्हतं. एका माणसाचं नाव गेलं होतं आणि जगात कुठं काही अडलं नव्हतं. मोहनराव स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावत. मी नाव घेतलं नव्हतं. किल्लीचं बाईंनीच विचारलं. तो तरी गप्प का राहिला, खोका उघडून दाखवा म्हणाला असता तर मी तिथंच उघडला असता. पण हे शेवटचं त्यांना स्वतःलाच पटत नसे. मुंजाजीला ट्रकवर उभं राहून, आज्या झालेल्या त्या मुलींसमोर, मोहनराव इंजिनिअरांना तुमचा कान खोटा आहे म्हणायचं होतं काय? पाण्याच्या रांगेत घागरी सरकायच्या, लोक बोलायचे, आणि मोहनराव हसणाऱ्यांबरोबर हसायचे. आता प्रत्येक वेळी त्यांना कळायचं की आपण कशाला हसतोय ते आपल्याला माहीत नाही. किती वर्षं असं चाललं असेल? किती लोकांना कळलं असेल? लोकांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं. गावानं, बायकोनं, सगळ्यांनी. आणि त्या सांभाळण्यातूनच ही ताठ मान तयार झाली होती, जिनं दुसऱ्याला क्षणात चोर ठरवलं. वत्सलाबाईंचा मारवा त्यांनी पुन्हा लावला नाही. एकदा मात्र अँप्लिफायर दुरुस्त करून त्यांनी सत्यभामाबाईंना खुर्चीत बसवलं, टेप लावली आणि विचारलं, “बाई गायला लागायच्या आधी काही ऐकू येतं?” सत्यभामाबाईंनी ऐकलं. “श्वास घेतला बाईनं,” त्या म्हणाल्या. जोडी जमली होती. पहिल्या दिवसापासूनच जमली होती, त्यांना सोडून.

मुंजाजी छावणीवर आहे हे भाजीवाल्या साखराबाईंकडून कळलं. नांदूरघाटाच्या अलीकडं एका सहकारी सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. वस्त्यांवरची माणसं गाईबैलांसकट तिथंच राहायला गेली होती. मोहनराव एसटीनं केजला गेले आणि तिथून जीपनं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजलेल्या मडक्याच्या रंगाची होती. छावणी लांबूनच दिसली, माळावर हिरव्या जाळीचे आणि ताडपत्र्यांचे तुकडे, खाली दावणीच्या रांगा, शेणाचा आणि ओल्या उसाचा वास, आणि बांबूवर बांधलेला भोंगा, ज्यातून कोणीतरी चारा घ्यायला नावं पुकारत होतं. मोहनरावांनी रस्ताभर बोलायचं ठरवलं होतं; यावेळी वाक्य जुळवायचं नाही असंही ठरवलं होतं, आणि तरी ते जुळतच होतं. मुंजाजी एका जाळीखाली बसून विळ्यानं उसाच्या शेंड्यांचे वाढे तोडत होता. वाळला होता. दाढी वाढली होती. मोहनरावांना बघून तो उठला नाही, पण विळा थांबला. मनकर्णानं पदर पुढं ओढला आणि एक गोणपाट झटकून टाकलं. शेजारच्या दावणीवरचा सटवा नावाचा म्हातारा, गाईच्या पाठीवरून हात फिरवत, उघडपणे बघू लागला.

“बसा,” मुंजाजी म्हणाला.

मोहनराव बसले. खिशातली किल्ली काढून त्यांनी गोणपाटावर ठेवली. “मुंजाजी,” ते म्हणाले, “त्या दिवशी जे झालं, बाईंच्या दारात, ते म्हणजे… तसं व्हायला नको होतं. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आता किल्ली घे आणि घरी राहायला जा. जनावरं पण ने. बाईंना मी कळवतो.” बोलता बोलताच त्यांना जाणवलं की यात कुठंही ‘मी चुकलो’ नाही. भोंग्यानं कुणाचं तरी नाव पुकारलं. मुंजाजी किल्लीकडं बघत होता. मनकर्णा काहीतरी बोलली. तिचा आवाज बारीक होता आणि तोंड पदराआड, मोहनरावांना ओठ दिसले नाहीत. ती प्रश्न विचारत होती एवढं तिच्या मानेवरून कळलं. थांबली, मग आणखी काहीतरी विचारलं. मोहनरावांनी नेहमीसारखं केलं. पाण्याच्या रांगेत, लग्नात, मयतीत, सगळीकडं करायचे तेच. चेहरा मवाळ करून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “हो, हो. बरोबर आहे तुमचं.”

मनकर्णाचा हात हवेतच राहिला. मुंजाजीनं विळा खाली ठेवला. शेजारून सटवा म्हातारा एवढ्या मोठ्यानं बोलला की गाय बिचकली, “ऐकलं का बे मुंजा! इतक्या लांब आलंय ते पुन्यांदा चोर म्हनायला!”

हे मोहनरावांना ऐकू आलं. ते सटवाकडं बघत राहिले, मग मनकर्णाकडं, मग मुंजाजीकडं. “काय विचारलं ह्यांनी?” ते म्हणाले. दावणीवरच्या इतर बाया जवळ आल्या होत्या. “मुंजाजी, काय विचारलं तिनं?”

मुंजाजी उठून उभा राहिला. “इचारलं की, आजून तुमच्या मनात हाय का, ह्यांनीच इकलं म्हनून. तुमी हो म्हनलाव.” त्याचा आवाज चढला नाही. “कावून आलाव तुमी हितं? किल्ली तिथंच ठिवली असती तरी चाललं असतं.”

आणि मग मोहनराव ते म्हणाले जे त्यांना कानाच्या डॉक्टरसमोरही म्हणायचं जिवावर आलं असतं. ते उभे राहिले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते फार मोठ्यानं बोलले, भोंग्याच्या वर. “मला ऐकू येत नाही! तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी हो म्हणालो! स्पीकरमधलं पण मला ऐकू आलं नाही, म्हणून मी तुला चोर म्हणालो! स्पीकर चांगले आहेत. त्याला कोणी हात लावलेला नाही. माझे कान गेलेत. तू काही नेलेलं नाहीस.” एक पोर हसलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं. आपण आता हलकं व्हायला हवं, असं त्यांना वाटलं; पण तसं काही झालं नाही. लाज तशीच होती, उलट आता तिला बसायला सगळी छावणी मिळाली होती.

मुंजाजी पुढं येऊन, मोहनरावांच्या तोंडासमोर उभा राहून, सावकाश म्हणाला, “मला सांगून काय उपेग? मी नेलं न्हाई ते मला ठावं हाय. बाईला सांगा.”

मोहनरावांनी फोन काढला. फोन सत्यभामाच उचलते, लावते, बोलते. नंबर शोधायलाही त्यांना वेळ लागला. घंटा वाजते आहे की नाही हेही कळेना, पडद्यावर आकडे पळू लागले तेव्हा पलीकडं कोणीतरी आहे एवढं समजलं. “बाई, मी मोहनराव,” ते म्हणाले आणि थांबले नाहीत, कारण थांबले असते तर ऐकायची पाळी आली असती. त्यांनी सगळं सांगितलं. शिट्टी, सत्यभामेचा हात, लाखेचे स्क्रू. मुंजाजीचा काही दोष नाही. दोष माझा. मी न उघडता बोललो. मी त्याच्यासमोरच उभा आहे. मग त्यांनी फोन कानावर घट्ट दाबला. पलीकडं बाई बोलत होत्या. आवाज होता, चढत होता, उतरत होता, एका जागी फाटल्यासारखा झाला. पण त्यात शब्द नव्हता. ज्या आवाजाचा श्वासही त्यांना पाठ होता, तो आता दूर कुठंतरी रेती सरकावी तसा फक्त हलत होता. त्यांनी दुसऱ्या कानाला लावला. तेच. मोहनरावांनी फोन मुंजाजीपुढं धरला.

मुंजाजीनं हात धोतराला पुसले आणि फोन घेतला. “बाई, मी मुंजाजी,” म्हणाला. आणि ऐकत राहिला. मोहनराव त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते, केसरबाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं होतं तसेच. मुंजाजीनं पाठ फिरवली. त्याचे खांदे दिसत होते. “व्हय बाई,” तो म्हणाला असावा. त्यानं एकदा बाहीनं डोळे पुसले. पुन्हा वळला तेव्हा त्याचे ओठ दिसू लागले. “न्हाई बाई, आसं नका बोलू… गाई हायती, त्यांला चालवत नेनं जमायचं न्हाई… व्हय, टेंपो बगतो… व्हय, मनकर्णा बी हाय. झाडं जळाली असतील की समदी. बगतो मी.” मनकर्णानं खाली वाकून गोणपाटावरची किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. ती मोहनरावांकडं बघत नव्हती. सटवा म्हातारा पुन्हा गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागला होता.

मुंजाजीनं फोन परत दिला. पडदा काळा झाला होता. मोहनराव वाट बघत राहिले. मग त्यांना राहवेना.

“काय म्हणाल्या बाई?”

मुंजाजीनं त्यांच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. “माझ्याशी बोलल्या,” तो म्हणाला. मोहनरावांना कळलं नसेल असं समजून तो अजून जवळ आला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या दावणीला ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमच्यासाठी काय सांगितलं न्हाई.”

त्यातला शब्द न् शब्द मोहनरावांना स्वच्छ ऐकू आला.